चेहऱ्यासाठी रंगीत निगेटिव्ह फिल्म निवडताना

रंगीत निगेटिव्हचा रोल घेताना बहुतेक जण डब्यावरचा आयएसओचा आकडा, म्हणजे फिल्मचा वेग किंवा प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, पाहतात. व्यक्तिचित्रणासाठी मात्र हा आकडा दुय्यम ठरतो. त्वचेतल्या लालसर-पिवळसर छटांमधले बारीक फरक फिल्म कितपत राखते, हे आधी पाहावे लागते.

या फिल्मवर सिल्व्हर हॅलाइडच्या, म्हणजे चांदीच्या प्रकाशसंवेदी क्षारांच्या, कणांचे अनेक थर असतात. वरचे थर निळा, मधले हिरवा आणि तळाचे लाल प्रकाश टिपतात. १९७२ साली आलेल्या आणि आजही रूढ असलेल्या, फिल्म धुण्याच्या सी-४१ प्रक्रियेत ३७.८ अंश सेल्सियसच्या डेव्हलपर या द्रावणात फिल्म सव्वातीन मिनिटे राहते आणि तेवढ्यात प्रकाश लागलेल्या कणांभोवती रंगद्रव्य तयार होते; चांदी नंतर धुऊन निघते. एका थरात रंग तयार होत असताना शेजारच्या थरातली क्रिया किती दबावी, हे कपलर नावाच्या रसायनांच्या साहाय्याने आधीच ठरवलेले असते, आणि हा दाब जितका जास्त तितके रंग भडक उठतात.

त्वचा निळ्यापेक्षा लाल प्रकाश अधिक परावर्तित करते, त्यामुळे भडक फिल्मचा परिणाम चेहऱ्यावर चटकन दिसतो. कोडॅकची २००८ सालची एक्टार १०० अत्यंत बारीक कणांची आणि निसर्गदृश्यांना उत्तम. पण गालांची लाली आणि मुरमांचे डाग ती नको तितके उठावदार करते. याच कंपनीची पोर्ट्रा १९९८ पासून चेहऱ्यांसाठीच घडवलेली आहे. आधी तिचे सौम्य आणि गडद असे दोन प्रकार मिळत. २०१० मध्ये ४०० वेगाच्या फिल्मचे दोन्ही प्रकार जाऊन एकच पोर्ट्रा ४०० आली. फुजीची प्रो ४००एच तिच्या तोडीची होती, पण २०२१ मध्ये ती बंद झाल्याची घोषणा झाली.

सावळ्या चेहऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. प्रिंटचे रंग जुळवण्यासाठी लॅबमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘शर्ली कार्डां’वर अनेक दशके गोऱ्या स्त्रियांचेच चेहरे असत; आजच्या फिल्म त्या मानाने खूपच समंजस आहेत. तरीही निगेटिव्ह उजेडासमोर धरून पाहावी: गोरा चेहरा दाट दिसतो, तर सावळा चेहरा पातळ, जवळजवळ फिल्मच्या मूळ नारिंगी पायाइतकाच. प्रकाश कमी पडला की तिथे फक्त मोठे, अतिसंवेदनशील कणच कामाला लागतात आणि स्कॅनमध्ये चेहरा रवाळ, मळकट होतो. म्हणून ४०० ची फिल्म लावून प्रकाश मोजणारा मीटर २०० वर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश पोर्ट्रा सहज पचवते. निगेटिव्हऐवजी थेट सरळ चित्र देणाऱ्या स्लाइड फिल्मच्या बाबतीत असे धाडस करू नये.

घरातल्या पिवळ्या बल्बच्या उजेडात सावधगिरी हवी. या फिल्म साधारण ५५०० केल्विनच्या दिवसाच्या प्रकाशासाठी जुळवलेल्या असतात. बल्बच्या प्रकाशात निळा फार कमी, त्यामुळे निळ्या थराची उपासमार होते आणि रंग नंतर सुधारायला गेल्यास कण वर येतात. माणसाला खिडकीजवळ बसवणे हा स्वस्त उपाय आहे.

वेगवान फिल्मच्या रवाळपणाची धास्ती ३५ मिमीपुरती रास्त आहे. १२० नावाच्या रुंद रोलवरील सहा बाय सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हचे क्षेत्रफळ ३५ मिमीच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून अधिक असते, त्यामुळे तिथे १६० ऐवजी ४०० निवडायला सहसा काहीच हरकत नसते.