न निघालेल्या प्रकाशाचा माग

एका रेणूने प्रकाश सोडला, शेजारच्याने तो शोषला आणि ऊर्जा पोचली, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण अगदी जवळचे रंगरेणू प्रकाश न सोडताच ऊर्जा हस्तांतरित करतात. मग जो फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, निघालाच नाही, त्याचा माग काढायचा कसा? चुंबकाच्या मदतीने!

प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा गुण असतो, त्यामुळे तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. रेणूतल्या जोडीतले इलेक्ट्रॉन विरुद्ध स्पिनचे असतात, त्यामुळे त्यांचं चुंबकत्व एकमेकांना पुसून टाकतं. प्रकाश शोषल्यावर कधीकधी एकाचा स्पिन पालटतो आणि दोन्ही समांतर होतात. ही ट्रिप्लेट अवस्था. तेवढ्या काळापुरता रेणू चिमुकला चुंबक होतो. लुईस आणि कॅल्विन या रसायनशास्त्रज्ञांनी १९४५ साली बोरिक आम्लाच्या काचेतल्या फ्लुओरेसीन या रंगाबाबत हे दाखवून दिलं. आज असा नमुना साधारण ०.३४ टेस्लाच्या क्षेत्रात ठेवून त्यावर ९.५ गिगाहर्ट्झचे मायक्रोवेव्ह सोडतात. कोणत्या क्षेत्राला किती मायक्रोवेव्ह शोषले जातात, हे यात पाहतात. यालाच ईपीआर (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स) म्हणतात.  

आता यातला मला सर्वांत आवडणारा भाग. ट्रिप्लेटला ऊर्जेच्या तीन उपपातळ्या असतात. त्यांच्यातलं अंतर रेणूच्या घडणीवर ठरतं, म्हणून ईपीआरच्या वर्णपटावरून, म्हणजे त्यातल्या रेषांच्या जागांवरून, रेणू ओळखता येतो. शिवाय या पातळ्या सुरुवातीला सारख्या भरत नाहीत, म्हणजे काहींत जास्त रेणू असतात, काहींत कमी. त्यामुळे काही रेषा मायक्रोवेव्ह शोषतात, तर काही चक्क उत्सर्जित करतात. डेक्स्टर या शास्त्रज्ञाने १९५३ साली मांडलेल्या इलेक्ट्रॉन-विनिमयाच्या मार्गाने, म्हणजे दोन रेणूंनी इलेक्ट्रॉनची अदलाबदल करून, ऊर्जा पुढे गेली, की स्पिनची अवकाशातली दिशा कायम राहते. पण घेणाऱ्या रेणूचे अक्ष वेगळ्या कोनात असतात. म्हणून दात्याच्या (ऊर्जा देणाऱ्या रेणूच्या) पातळ्यांतली ती विषम भरती, दोघांच्या अक्षांमधल्या कोनांच्या कोसाइनच्या वर्गानुसार, घेणाऱ्याच्या पातळ्यांत वाटली जाते. हेच गणित उलटं वाचलं, की ऊर्जा कोणत्या मांडणीतून आली ते कळतं!

याचं एक उदाहरण: डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म शैवालांच्या एका प्रथिनात हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूभोवती पेरिडिनिन या रंगद्रव्याचे चार रेणू असतात. हरितद्रव्याचा ट्रिप्लेट तसाच राहिला, तर तो ऑक्सिजनला घातक रूप देतो. पेरिडिनिन ती ऊर्जा आधीच काढून घेतं. चौघांपैकी नेमकं कोणतं? प्रथिनाची रचना १९९६ साली क्ष-किरणांनी उलगडली होती. तिच्यातले कोन आणि ईपीआरच्या रेषा ताडून पाहिल्यावर हे काम मुख्यतः एकच पेरिडिनिन करतं, असं दिसलं: हरितद्रव्याच्या मध्यभागी असलेल्या मॅग्नेशियमला धरलेल्या पाण्याच्या रेणूलगतचं.