रक्तवाहिनीचं अस्तर आणि 'ई' जीवनसत्त्वाची गोळी

अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे प्रयोगासाठी वापरत. अ‍ॅसिटिलकोलीन घातलं की लांबट पट्ट्या आखडायच्या, गोल कडी मात्र सैल पडायची. वाहिनी तीच, रसायन तेच! शेवटी उलगडा झाला तो असा: पट्टी कापताना आतलं अस्तर घासून निघत होतं. पेशींच्या जेमतेम एका थराचं हे अस्तरच वाहिनीला सैल पडायला लावतं, हे त्यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं. ते काम नायट्रिक ऑक्साइड हा वायू करतो हे पुढे सिद्ध झालं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं.

या वायूचा वैरी म्हणजे सुपरऑक्साइड, ऑक्सिजनचंच एक अतिक्रियाशील रूप. पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा ते थोडंफार तयार होतंच, आणि शरीरातली विकरं (एन्झाइम्स) त्याचा निकाल लावतात. धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब यांमुळे ते विकरांना आवरेनासं झालं, की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मग नायट्रिक ऑक्साइड संपू लागतो, वाहिनी ताठर होते. अस्तराखाली शिरलेलं एलडीएल कोलेस्टेरॉलही ऑक्सिडाइझ होतं. साधं एलडीएल पेशी गरजेपुरतंच घेतात; हे बिघडलेलं मात्र भक्षक पेशी गिळतच सुटतात, चरबीने फुगतात आणि तिथेच अडकून पडतात. ब्लॉकेजची सुरुवात ही अशी.

मग अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे असं ऑक्सिडेशन रोखणाऱ्या 'ई' जीवनसत्त्वासारख्या पदार्थांच्या, गोळ्या घेतल्या की झालं? अनेकांना आजही तसंच वाटतं, म्हणून 'होप' या मोठ्या चाचणीबद्दल सांगायलाच हवं. हृदयविकाराचा धोका असलेल्या नऊ हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना सुमारे साडेचार वर्षं रोज 'ई' जीवनसत्त्व दिलं गेलं. २००० साली निकाल आला: हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू, कशातच फायदा नाही. एक कारण मला पटतं. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड यांची अभिक्रिया इतक्या झपाट्याने होते की गोळीतलं जीवनसत्त्व मध्ये पडेपर्यंत सगळं उरकलेलं असतं.

त्याच चाचणीत रॅमिप्रिल हे रक्तदाबाचं औषधही तपासलं होतं. ते अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक कमी करतं, आणि वाहिनीच्या भिंतीत सुपरऑक्साइड बनवणारं विकर चेतवण्यात याच संप्रेरकाचा मोठा हात असतो. अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण औषधाविना १७.८ टक्के होतं. रॅमिप्रिल घेणाऱ्यांत ते १४ टक्क्यांवर आलं.