चाक जमिनीला टेकते तिथे

एप्रिल २०१६ मध्ये लातूर पाण्यावाचून तडफडत असताना मिरज जंक्शनवरून कृष्णेचे पाणी घेऊन 'जलदूत' गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहाच वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, होत्या. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी नेऊ लागली. हेच पाणी दहा हजार लिटरच्या टँकरनी न्यायचे तर अडीचशे टँकर मिरजेहून लातूरपर्यंत धावले असते. चालक आणि इंजिने यांचा हिशेब सोडला, तरी निव्वळ ओझे ओढण्यातच रेल्वे सरस ठरते आणि त्याचे कारण चाक जमिनीला टेकते त्या इवल्याशा जागेत दडलेले आहे.

रबरी टायर ओझ्याखाली किंचित चपटा होतो. चाक फिरते तसा त्याचा नवा भाग दबतो आणि आधीचा सुटतो; परंतु दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत करत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो. लांबून आलेल्या ट्रकच्या टायरला हात लावला की ती ऊब कळते. पोलादी चाक मात्र रुळावर जेमतेम नाण्याएवढ्या जागेत टेकते आणि फारसे दबतच नाही. म्हणून चांगल्या डांबरी रस्त्यावर एक टन माल हलता ठेवायला सहा ते दहा किलो वजनाइतके बळ लागते, तर सपाट रुळावर एक ते दोन किलो पुरते. हवेचा रोध यात धरलेला नाही.

मग गाळप हंगामात सांगलीच्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची लोखंडी धावेची, म्हणजे कडेला लोखंडी पट्टी बसवलेली, चाके जाऊन टायर का आले? कारण तिथे चाक दबत नाही, पण वाट दबते. काळ्या रानात रुतलेली अरुंद धाव बैलांना सतत चढणीसारखी ओढावी लागते. रुंद टायर तेच ओझे अधिक जागेवर पसरवतो.

चढावर रुळाची किमयाही ओसरते. शंभर मीटरला एक मीटर चढ असला, तरी टनामागे दहा किलोचे जादा बळ लागते, म्हणजे सपाटीवरच्या बळाच्या निदान पाचपट. त्यात गुळगुळीत रुळावर चाकाची पकडही कमीच. म्हणूनच पुण्याहून साताऱ्याला येणारा महामार्ग खंबाटकी घाट चढून येतो, तर रेल्वे नीरा, लोणंद, आदर्की, वाठार असा लांबचा फेरा घेते. एसटी आधी पोहोचते म्हणून प्रवासी कुरकुरतात खरे, पण आदर्कीच्या वळणांवर गाडी अंतर वाढवून चढ सौम्य करून घेत असते.