गुंता आणि थेंब: पॉलिमरचे नॅनोकण, लिपिडचे नॅनोकण

कोविडच्या साथीत 'नॅनोकण' हा शब्द घरोघरी पोचला आणि सोबत एक घोळही आला. पेशीत जनुक पोचवणारे सगळे नॅनोकण एकाच जातीचे, असं धरून बोललं जातं. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींत होते ते लिपिडचे, म्हणजे स्निग्ध पदार्थांचे कण. पॉलिमरचे, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचे कण निराळे.

अडचण दोघांपुढे एकच. डीएनए आणि एमआरएनए (जनुकाचा निरोप वाहणारा रेणू) यांच्यावर ऋण भार, पेशीच्या पृष्ठभागावरही ऋण भार. उघडा रेणू आत शिरत नाही, आणि वाटेत एन्झाइम त्याचे तुकडे पाडतात. म्हणून धन भाराचा सोबती लागतो.

पॉलिमरमधला जुना सोबती म्हणजे पॉलिएथिलीनइमीन, प्रयोगशाळेतलं पीईआय. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९५ मध्ये जनुकं पेशीत घालायला ते वापरून दाखवलं. कृती इतकी साधी की गंमत वाटते: डीएनएच्या द्रावणात पीईआय मिसळायचं आणि काही मिनिटं थांबायचं. दोन्ही साखळ्या एकमेकींत अडकतात. हा गुंता म्हणजेच कण. लिपिडचं काम एवढ्यावर भागत नाही. आयनशील (म्हणजे आम्लात धन भार घेणारं) लिपिड, कोलेस्टेरॉल, फॉस्फोलिपिड (पेशीच्या आवरणातही असतं ते) आणि पेग (पाण्यात मिसळणारं एक पॉलिमर) जोडलेलं लिपिड असे चार घटक मोजून घ्यावे लागतात. त्यांचा बनतो तो स्निग्ध थेंब.

खरी गोम भारात आहे. पीईआयचा धन भार रक्तातही जागाच असतो. त्यामुळे ते प्रथिनांना चिकटतं, पेशींची आवरणं फाडतं, थोडक्यात विषारी ठरतं. आयनशील लिपिड मात्र रक्ताच्या ७.४ पीएचला (पीएच म्हणजे आम्लतेचं माप) जवळपास भाररहित असतं. पेशीने कण गिळला की एंडोसोम नावाच्या आम्लधर्मी पिशवीत त्यावर धन भार येतो, आणि तिथूनच तो माल बाहेर काढतो. तेही काटकसरीनेच म्हणायचं. एका मोजणीत सुटलेला माल शंभरात एक-दोन भरला.

औषधांच्या शर्यतीत लिपिड पुढे गेलं त्याचं एक मोठं कारण हेच. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पॅटिसिरान हे मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक आजारावरचं औषध लिपिडच्याच कणांतून दिलं जातं. पण शिरेतून दिलेले असे कण बहुतेक यकृताकडेच ओढले जातात. दुसऱ्या अवयवांसाठी पॉलिमरकडे आशेने पाहणारे आहेत. पाण्याशी प्रक्रिया होऊन हळूहळू तुटणारे, त्यामुळे कमी विषारी असे पॉलिमरही आता बनतात.

आणि पीईआय? ते निवृत्त झालेलं नाही. जनुकोपचारासाठी अनेकदा एएव्ही नावाचे, जनुक वाहून नेणारे विषाणू लागतात, आणि ते कारखान्यात बनवताना पेशींत डीएनए घालायला आजही पीईआय सर्रास वापरतात.