एन.पी.एच. आणि शंट शस्त्रक्रिया : रुग्णाची निवड कशी होते, कोणती कागदपत्रे न्यावीत

नॉर्मल प्रेशर हायड्रोकेफॅलस, अर्थात एन.पी.एच., या विकारात मेंदूतील पोकळ्या पाणी साचून फुगतात, मात्र पाठीत सुई घालून मोजलेला दाब सहसा सामान्यच निघतो. हकीम आणि अ‍ॅडम्स यांनी 1965 साली वर्णन केलेला हा विकार बहुतेकदा साठीनंतर दिसतो. चाल बिघडणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विचार मंदावणे ही त्याची तीन लक्षणे असली, तरी शंटसाठी, म्हणजे हे जादा पाणी नळीने पोटात सोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, रुग्ण निवडताना सर्वाधिक वजन चालीला असते.

ही चाल ओळखू येण्याजोगी असते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटतात, पावले आखूड पडतात, दोन पायांतले अंतर वाढते आणि मागे वळायला एकाच जागी बरीच लहान पावले टाकावी लागतात; हात मात्र बऱ्यापैकी हलत राहतात. चाल शाबूत आणि केवळ विसरभोळेपणा असेल, तर शंटचा विचार सहसा केला जात नाही. पार्किन्सन, अल्झायमर किंवा मानेच्या मणक्यातील दाब यांचीही शहानिशा करावी लागते, आणि यांपैकी एखादा आजार जोडीला असला म्हणून रुग्ण आपोआप अपात्र ठरत नाही.

स्कॅनमध्ये पुढच्या पोकळ्यांची रुंदी कवटीच्या आतील रुंदीच्या 0.3 पटीहून अधिक असावी लागते. वयोमानाने मेंदू आक्रसला तरी हा आकडा वाढतो, म्हणून एम.आर.आय.मध्ये माथ्याजवळच्या घड्या दाटलेल्या आहेत का, हेही पाहतात.

त्यानंतरची पायरी पाठीतून 30 ते 50 मिलिलिटर पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढण्याची. त्याआधी आणि नंतर रुग्णाला 10 मीटर चालवून वेळ व पावले मोजतात. आधी 24 पावले लागली आणि नंतर 17, असा फरक दिसला, तर शंटचा उपयोग होण्याची शक्यता बळावते. नातेवाइकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: या चाचणीत फरक दिसला नाही, एवढ्यावरून शस्त्रक्रिया नाकारणे योग्य नाही. अशा वेळी काही दिवस पाठीत बारीक नळी ठेवून पाण्याचा निचरा करतात आणि चाल पुन्हा मोजतात.

तपासणीला येताना जुने सी.टी. आणि एम.आर.आय. फिल्म किंवा सीडीसह आणावेत, नुसता अहवाल पुरत नाही. पूर्वी डोक्याला मार, मेंदूज्वर किंवा मेंदूभोवती रक्तस्राव झाला असल्यास त्याचे कागद सोबत असावेत. औषधांच्या यादीत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ठळक लिहाव्यात, पण त्या स्वतःहून बंद करू नयेत. लघवीची आठवडाभराची नोंद आणि घरात चालतानाचे, वळतानाचे मोबाइलवरील चित्रीकरण फार मोलाचे ठरते, कारण डॉक्टरांसमोर रुग्ण पुष्कळदा जोर लावून नीट चालतो.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी अपेक्षा स्पष्ट करून घ्याव्यात. शंटमध्ये मेंदूतील पाणी त्वचेखालच्या नळीने पोटात सोडले जाते. चाल सुधारण्याची आशा सर्वाधिक असते, स्मरणशक्तीची त्यामानाने कमी. जंतुसंसर्ग, नळी तुंबणे आणि अति निचऱ्यामुळे मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचणे हे धोके आहेत. नळीवर बाहेरून दाब बदलता येणारी झडप बसवली असल्यास तिचे कार्ड रुग्णाजवळ कायम ठेवावे, कारण अशा अनेक झडपांचा दाब एम.आर.आय.च्या चुंबकाने बदलू शकतो आणि तपासणीनंतर तो पुन्हा पाहून घ्यावा लागतो.