जपानला जायचं, पण भूकंपाचं काय?

सांगली-साताऱ्यात मुलगा किंवा मुलगी जपानला निघाली की घरात ठरलेलं वाक्य येतं: "तिथं रोज भूकंप, शिवाय महागाई. कशाला जीव धोक्यात घालायचा?" हा समज अर्धवट आहे आणि त्यापायी चांगल्या संधी हुकतात, म्हणून हा खुलासा.

आधी आपल्याकडचं पाहू. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेला 6.5 तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदी 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. म्हणजे आपणही सुरक्षित जागी बसलेलो नाही.

जपानमध्ये धक्के जास्त बसतात, हे खरंच. पण 2011 च्या भूकंपात मेलेल्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक लोक त्सुनामीत बुडून गेले. म्हणून घर समुद्रापासून किती उंचीवर आणि कधी बांधलेलं, हे आधी विचारा. 1981 साली तिथले बांधकामाचे भूकंपविषयक नियम कडक झाले; त्यानंतरची इमारत निवडा. ऑगस्ट 2020 पासून भाडेकराराआधी पुराच्या नकाशावर घराची जागा दाखवणं एजंटला बंधनकारक आहे. सांगलीत हे असतं तर किती संसार वाचले असते!

खर्चाचं म्हणाल, तर टोकियोचं भाडं म्हणजे अख्खा जपान नव्हे. लहान शहरांत ते बरंच कमी असतं. मात्र सुरुवातीला अनामत, दलाली आणि कधी परत न मिळणारी रक्कम घरमालकाला द्यावी लागते. घरी पैसे पाठवायचे असतील, तर पगार आजच्या येनच्या दराने रुपयांत मोजा. 2012 च्या तुलनेत येन डॉलरपुढे खूप घसरला आहे, रुपयापुढे मात्र तितका नाही.