पाय-टार्ट करणाऱ्यांना भेट द्यायची तर काय द्यावी?

‘पाय भाजणे’ हे शब्द नागपुरात मे महिन्यात वेगळ्या अर्थाने वापरतात. हे पत्रक ओव्हनमध्ये भाजायच्या पाय आणि टार्टसाठी आहे: मैद्याच्या कवचात सारण भरलेला तो पाय, आणि उथळ, वरून उघडा तो टार्ट. दिवाळीपासून नाताळ-नववर्षापर्यंत आमच्या दुकानाच्या काउंटरवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: “वहिनीला बेकिंगचं वेड आहे, काय देऊ?” अशा वेळी हात हमखास सगळ्यात मोठ्या, सगळ्यात देखण्या डिशकडे जातो. बदलायला परत येणाऱ्या वस्तूंत पहिला नंबरही तिचाच, कारण ती घरच्या ओव्हनमध्ये मावत नाही. तेव्हा आधी ओव्हन पाहा, मग वस्तू.

ओव्हन मोजून या

ओटीजीवर, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनवर, लिहिलेल्या लिटरवरून फारसे कळत नाही. आतली रुंदी आणि आतली खोली, म्हणजे दारापासून मागच्या भिंतीपर्यंतचे अंतर, सेंटिमीटरमध्ये मोजा. लहान ओटीजीत खोली रुंदीपेक्षा कमी असते आणि घोडे तिथेच अडते. डिशच्या चारही बाजूंना किमान २ सेंमी जागा मोकळी हवी, नाहीतर गरम हवा फिरत नाही आणि भिंतीकडची कड करपते. ९ इंची पाय डिश म्हणजे २३ सेंमी, पण कडा आणि कान धरून तीच डिश २७-२८ सेंमी भरते. भेट गुपचूप द्यायची असेल तर ओव्हनसोबत आलेला ट्रे मोजा, तेवढ्याने काम भागते.

शंका असेल तर ८ इंचीच घ्या. ९ इंचीच्या कृतीतले सगळे प्रमाण सुमारे चार पंचमांश केले की ते ८ इंचीत नीट बसते. ७ इंचीसाठी साठ टक्के धरा. (गोलाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते, म्हणून एका इंचाचा फरक दिसतो त्याहून मोठा पडतो.) चौघांच्या घरात ८ इंचीचा पाय एका बैठकीत संपतो, ही वेगळी सोय.

घरात कन्व्हेक्शन (गरम हवेने भाजणारा) मायक्रोवेव्ह असेल तर फिरत्या काचेच्या थाळीचा व्यास मोजा आणि गोल भांडेच घ्या. चौकोनी भांड्याचे कोपरे फिरताना भिंतीला घासतात. धातूचे भांडे फक्त कन्व्हेक्शनवर चालते, मायक्रोवेव्हच्या मोडवर नाही. या यंत्रांत बहुधा खालून तापणारी सळई नसते, त्यामुळे पायचा तळ फिका आणि ओलसर राहतो. अशा घरी काचेची डिश देऊ नका, पातळ धातूचा साचाच द्या.

धातू, काच, की चिनी माती?

अ‍ॅल्युमिनियम लवकर तापते आणि तळ खरपूस करते. गडद रंगाचा साचा उष्णता जास्त ओढतो, चकचकीत साचा ती परतवतो. म्हणून एकाच कृतीचा तळ काळ्या साच्यात आधी रंग धरतो. साधे, कोटिंग नसलेले अ‍ॅल्युमिनियम आंबट सारणाच्या संपर्कात राहिले तर चवीला धातूचा वास लागतो. संत्र्या-लिंबाचे सारण आवडणाऱ्या घरी अ‍ॅनोडाइज्ड (पृष्ठभाग कठीण केलेला) किंवा नॉनस्टिक साचा द्या, आणि पाय रात्रभर साच्यात ठेवू नका असेही सांगा.

सुटा तळ असलेला टार्टचा साचा साधारण अडीच सेंमी उंच असतो आणि कडा झालरीसारख्या असतात. टार्ट अख्खा बाहेर निघतो, ताटात शोभतो. पण तो रसाळ फळांच्या, वरून झाकलेल्या पायसाठी नाही: रस तळाच्या फटीतून गळतो आणि खालच्या सळईवर पडून धूर करतो. साच्याखाली ट्रे ठेवायचाच. झालरीच्या खाचांत पाणी अडकते, टिनचा मुलामा दिलेला साचा गंजतो. धुऊन पुसून कोमट ओव्हनमध्ये पाच मिनिटे ठेवला की प्रश्न मिटतो.

नवशिक्यासाठी मात्र आमचे मत काचेच्या डिशला. तळ शिजला की नाही हे खालून डोळ्यांनी दिसते, आणि पाय शिकताना तीच एक गोष्ट कुणाला कळत नसते. काच हळू तापते, म्हणून खाली लोखंडी तवा किंवा जड ट्रे ठेवून तो ओव्हनसोबतच तापवायचा आणि डिश त्यावर ठेवायची. बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता झेलणारी काच घ्या. तरीही फ्रीजरमधून काढलेली डिश तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नये, आणि गरम डिश ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवू नये. काच तडकते ती अशाच वेळी.

चिनी मातीची डिश टेबलावर फार छान दिसते. पायचा तळ तिच्यात उशिरा शिजतो. ज्यांच्याकडे बाकी सगळे आहे त्यांना द्या.

सगळ्यात उपयोगी, सगळ्यात दुर्लक्षित

ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर. दिसायला काहीच नाही, डिशच्या मानाने किंमतही किरकोळ, पण “माझ्या पायच्या भिंती खाली घसरतात” या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा यातच असते. घरगुती ओटीजीच्या गोल बटणावर २०० लिहिलेले असते आणि आत १७५ असू शकते. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते. ओव्हन पुरेसा तापलेला नसेल तर मैद्याचा सांगाडा पक्का होण्याआधीच बटर वाहून जाते आणि भिंत बसते.

वापरायची रीत भेटीसोबत लिहून द्या. थर्मामीटर मधल्या जाळीवर, मधोमध ठेवा. ओव्हनवरचा दिवा पहिल्यांदा विझला म्हणजे ओव्हन तापला असे नाही. तेव्हा फक्त हवा तापलेली असते. आणखी दहा मिनिटे थांबा. मग पाच-पाच मिनिटांनी तीनदा आकडा पाहून सरासरी काढा, कारण थर्मोस्टॅट चालू-बंद होताना काटा वरखाली होतो. एकदा फरक कळला की बटणाशेजारी चिठ्ठी चिकटवून टाका.

लाटणे आणि जागा

आपले पोळ्यांचे लाटणे पायला चालते, पण तोकडे पडते. ९ इंचीच्या डिशला ३० सेंमीचा, ८ इंचीच्या टार्टला साधारण २७ सेंमीचा गोल लाटावा लागतो, आणि जाडी सगळीकडे ३ मिमी हवी. ४० ते ४५ सेंमी लांब, मुठी नसलेले, एकसारख्या जाडीचे लाकडी लाटणे घ्या. टोकांना चढवायच्या रबरी कड्या असलेले मिळाले तर जाडी आपोआप साधते. एवढा गोल पोळपाटावर मावत नाही, म्हणून वर्तुळांच्या खुणा छापलेली सिलिकॉनची चटई सोबत द्या. थंडीत ओट्याचा ग्रॅनाइट आपणच गार असतो, चटई नसली तरी चालते. एप्रिल-मेमध्ये तोच ओटा बटर वितळवतो. नागपुरात पायचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे त्यामुळेच.

बटर मैद्यात कापायचा तारांचा पेस्ट्री ब्लेंडर ज्यांचे हात गरम असतात त्यांना उपयोगी. बाकीच्यांना किसणी पुरते: बटर अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून किसायचे. करंज्यांत तयार झालेल्या हातांची नेमकी इथेच चूक होते. करंजीला मोहन इतके चोळतात की मूठ वळावी. पायला उलटे करायचे: बटरचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात दिसत राहिले पाहिजेत. ओव्हनमध्ये ते तुकडे वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. साटा लावून जे साधतो तेच इथे तुकडे ठेवून साधायचे. तुपात पाणी नसते. म्हणून तुपाचे कवच खुसखुशीत होते, पदर मात्र सुटत नाहीत.

करंजीचे कातणे घरात असेल तर नवे पेस्ट्री व्हील घेऊ नका. पायवरच्या जाळीच्या पट्ट्या त्याच्याने उत्तम कापल्या जातात.

वजने, कागद, काटा

रिकामे कवच आधी भाजताना ते फुगू नये, भिंती बसू नयेत म्हणून आत वजन भरतात. चिनी मातीच्या मण्यांची डबी सुंदर असते, पण एका डबीने ९ इंची साचा काठापर्यंत भरत नाही, आणि अर्धवट भरल्यास भिंतींना आधारच मिळत नाही. घ्यायच्या तर दोन घ्या. नाहीतर इतवारीच्या बाजारातून किलोभर राजमा आणून चांगल्या बरणीत भरून द्या आणि वर लिहा: ‘फक्त भाजण्यासाठी’. तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. भाजीत मात्र घालायचा नाही, शिजणारच नाही.

राजम्याखाली घालायचा कागद नीट पाहून घ्या. बाजारात ‘बटर पेपर’ नावाने जे मिळते त्यात मेणाचा कागदही असतो, आणि तो ओव्हनमध्ये धुरकटतो. पाकिटावर बेकिंग किंवा पार्चमेंट आणि तापमानाची मर्यादा, बहुधा २२० अंशांच्या आसपास, लिहिलेली हवी.

मोजायच्या कपांऐवजी डिजिटल काटा द्या. काही संचांत कप २४० मिलीचा असतो, काहींत २५० चा, आणि मैदा दाबून भरला की सैल भरला यावर वजन आणखी बदलते. ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा पुरे. बॅटरी आत घालून, चालवून, मगच कागदात बांधा.

संत्र्यांची पेटी आणि एक कार्ड

हंगामातली आमची आवडती भेट: ८ इंची सुट्या तळाचा साचा, साल किसायची बारीक किसणी, डझनभर नागपुरी संत्री आणि खालचे कार्ड. आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याची) संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बाजारात असतात, म्हणजे मुहूर्त आपोआप जुळतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर ती किसता येत नाही. आधी किसा, मग सोला. फक्त नारिंगी थर घ्या, पांढरा कडू लागतो. बिया मिक्सरमध्ये गेल्या तरी रस कडवट होतो. रस हाताने पिळा.

कवच: मैदा १५० ग्रॅम, थंड बिनमिठाचे बटर १०० ग्रॅम, पिठीसाखर २० ग्रॅम, चिमूट मीठ, बर्फाचे पाणी ३५ ते ४० मिली. (खारे बटर असेल तर मीठ नको.) गोळा मळू नका, नुसता जमवा, मळला की चिवट होतो आणि भाजताना आकसतो. अर्धा तास फ्रीजमध्ये, मग लाटून साच्यात, काट्याने टोचून पुन्हा वीस मिनिटे फ्रीजमध्ये. कागद आणि राजमा भरून २०० अंशांवर २० मिनिटे, ते काढून १८० अंशांवर तळ सोनेरी होईपर्यंत, साधारण १२ ते १५ मिनिटे.

सारण: संत्र्याचा रस ३०० मिली, साखर ११० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३५ ग्रॅम, दोन संत्र्यांची किसलेली साल, बटर ५० ग्रॅम, लिंबाचा रस ३० मिली. कॉर्नफ्लोअर थंड रसातच विरघळवा, साखर घाला, सतत ढवळत उकळी आणा आणि बुडबुडे फुटू लागल्यावर आणखी एक मिनिट शिजवा. उकळी न येताच उतरवले तर सारण बसत नाही, पिठूळ लागते. साल, बटर आणि लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर. आंबटासोबत फार वेळ शिजले की कॉर्नफ्लोअरची पकड सुटते. गार कवचात ओता, तीन तास फ्रीजमध्ये ठेवा. अंडे कुठेच नाही.

अंड्याचे आधी विचारा. न खाणाऱ्या घरी पायला वरून दूध किंवा साय लावली तरी रंग येतो, फक्त चकाकी कमी. अशा घरी दुसऱ्याने वापरलेला ब्रश, ‘धुतलाय’ म्हणूनही, देऊ नये.

काय घेऊ नये

सिलिकॉनचा पायचा साचा: उष्णता अडवतो, तळ पांढरा राहतो, उचलताना वाकतो आणि कवच तुटते. पंधरा-वीस वस्तूंचा ‘बेकिंग सेट’: त्यातल्या चार वापरात राहतात. पायच्या मधोमध ठेवायचा चिनी मातीचा पक्षी गोड दिसतो. वाफ जायला सुरीच्या चार चिरा पुरतात. त्या पैशांत तारेची जाळी येते. गरम साचा ओट्यावर ठेवला की तळाशी वाफ अडकून कवच ओले होते, जाळीवर खालून हवा लागते. फळांचा पाय तिच्यावर दोन-तीन तास निवल्याशिवाय कापू नये, नाहीतर रस ताटभर पसरतो.

खरेदीला येताना ओव्हनचे आतले माप, अंडे चालते की नाही, आणि घरात आधीपासून काय आहे, एवढे लिहून आणा. काचेची डिश स्कूटरवरून न्यायची असेल तर आधी सांगा, खोक्यात पेंढा भरून देतो. बटर भेटीच्या डब्यात घालू नका, त्याऐवजी डब्यात चिठ्ठी ठेवा: ‘बटर फ्रीजमध्ये, दाराच्या कप्प्यात नको, आत मागे.’